कंपाउंडरबाई आणि साताऱ्याचे मास्तर

औषधाची कोणतीही बाटली हातात आली की कंपाउंडरबाई आधी ती फिरवत आणि तिची पाठ वाचत. पुढच्या बाजूकडे बघतही नसत. कुणी नवे टॉनिक आणलेले असो, लेकीने परदेशातून पाठवलेल्या गोळ्या असोत, नाहीतर जत्रेतून घेतलेले तेल असो. चष्मा कपाळावर सरकवून, बाटली डोळ्यांपासून चार बोटांवर धरून त्या मागची बारीक अक्षरे शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. मग म्हणत, "पुढं त्यांना काय विकायचंय ते लिवलेलं असतं. आपन काय गिळनार, ते मागं."

वसईजवळच्या उमेळ्यात लोकांना याची इतकी सवय झाली होती की औषध दाखवायला आलेला माणूस बाटली आपणच उलटी करून त्यांच्या हातात देई. वाचून झाले की त्याची खरडपट्टी निघे. कोणी सांगितले घ्यायला, डॉक्टरांना विचारले का, शेजारणीला गुण आला म्हणून तुला येईल हे कुठल्या पुस्तकात लिहिले आहे, असे एकामागून एक. माणूस खाली मान घालून ऐके आणि पुढच्या वेळी पुन्हा येई. निदान आम्हा सगळ्यांना तसे वाटत होते.

बाई उमेळ्यातल्याच, शेतकरी घरातल्या. मागे भाताची खाचरे, पुढे केळीची वाडी, अशा घरातून फार्मसी शिकायला गेलेली गावातली ती पहिली मुलगी. पुढे सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीमागे झाली. कागदावर त्या फार्मासिस्ट होत्या, पण खिडकीसमोरच्या रांगेने त्यांना कंपाउंडरबाई केले ते कायमचे. लग्न केले नाही. धाकटे भाऊ बाबूदादा आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना बाईंसकट सगळेच वहिनी म्हणत, यांच्यासोबत त्या राहत. खिडकीत शुद्ध बोलत. घरी आणि रागात गावची भाषा येई, आणि त्या रागात बऱ्याचदा असत, म्हणून माझ्या कानात त्यांची तीच भाषा राहिली आहे.

त्यांच्याविषयी लिहायला बसले की मलाही राग येतो. त्याचे कारण सांगायचे तर माझे काम काय होते ते आधी सांगायला हवे. मी लग्न होऊन गुहागरकडून वसईला आले आणि माणिकपूरला, स्टेशनजवळच्या एका छापखान्यात कॉम्प्युटरवर डिझाईन करायला लागले. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, क्लासच्या जाहिराती, असे सगळे. एकदा एका पावडरीचे पत्रक आले. पावडर साखरेवरची, म्हणजे मधुमेहावरची. तिचे नाव मी लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, ते का ते पुढे कळेल. कंपनीचा एजंट गोड बोलणारा होता. मजकूर त्याने आणला होता: साखर मुळापासून नाहीशी, गोळ्या बंद, इंजेक्शन बंद. खाली गुण आलेल्या माणसाचे पत्र आणि फोटो हवा होता. कोणाचा, असे मी विचारले. तो म्हणाला, कोणाचाही टाका, मॅडम.

मी नेटवरून एक फोटो उतरवला. पांढरे केस, चष्मा, छान हसरा चेहरा. त्याखाली लिहिले की बारा वर्षांची साखर तीन महिन्यांत गेली, इंजेक्शन कायमचे सुटले. आणि सही केली: निवृत्त शिक्षक, सातारा. सातारा अशासाठी की आमच्या गिऱ्हाइकांत साताऱ्याचे कोणी नव्हते. शिक्षक अशासाठी की मास्तरांवर लोकांचा विश्वास बसतो. एवढा विचार मी केला होता. पंधरा मिनिटांत केला होता, आणि मालकांनी माझे कौतुकही केले होते.

दोनच दिवसांनी एक उंच, सडसडीत, नऊवारी नेसावी तशी ताठ पाचवारी नेसलेली बाई हातात ते पत्रक घेऊन छापखान्यात आली. मालक नव्हते. हे कोणी केले, असे तिने विचारले. मी केले, असे मी जरा अभिमानानेच सांगितले. तिने मास्तरांच्या चेहऱ्यावर बोट ठेवले.

"हा मानूस कोन?"

"माहीत नाही. नेटवरून घेतलाय."

"मग ह्याची साखर कोनी मोजली?"

 तोवर माझ्या मनात हा प्रश्न आलाच नव्हता. मजकूर त्यांचा, सजावट आपली, एवढेच आम्हाला छापखान्यात शिकवलेले. मला वाटले, आता ही बाई आरडाओरडा करणार. पण त्यांनी पत्रकाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि रविवारी उमेळ्याला घरी यायला सांगितले. म्हणाल्या, "ये बाय. तुला तुझ्या जुन्या भावंडांची ओळख करून देते." आमच्याकडे, म्हणजे आता मीही ज्यांना आमचे म्हणते त्या या लोकांत, धाकट्या बायकामुलींना मायेने बाय म्हणतात. मला ते माहीत नव्हते. मी घाबरतच गेले.

ती भावंडे म्हणजे बाटल्या होत्या. बाईंच्या शेजारच्या वाड्या एकेक करून विकल्या जात होत्या आणि इमारतींचे पाये खोदले जात होते. त्या खोदकामात मातीतून जाड, हिरवट-निळ्या काचेच्या बाटल्या निघत. अंगावर उठावाची इंग्रजी अक्षरे, काचेत बुडबुडे. मजूर त्या फोडून भरावात टाकत. बाई रोज सकाळी तिथे जाऊन उभ्या राहत आणि अखंड निघालेल्या मागून आणत. राखेने घासून, जाळीच्या कपाटात ओळीने मांडून ठेवल्या होत्या. बहुतेक आपल्यावर इंग्लंडच्या राणीचे राज्य होते त्या काळात जहाजाने मुंबईला आलेल्या औषधांच्या. बाईंनी नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी मुंबईच्या ग्रंथालयात बसून त्या काळच्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती शोधल्या होत्या आणि त्यांच्या झेरॉक्स फायलीत लावल्या होत्या. एका जाड भिंगाखाली त्या मला एकेक दाखवत गेल्या.

एकच गोळी डोकेदुखीवर, तीच मूळव्याधीवर, तीच पित्तावर, तीच बायकांच्या सगळ्या दुखण्यांवर. एकच काढा खोकल्यावर आणि पटकीवर. अशक्त पुरुषांसाठी कमरेला बांधायचा विजेचा पट्टा. तो पाहून मी हसले, तर बाईंनी विचारले की स्टेशनबाहेर चुंबकाची कडी विकतात ती तू घेतली नाहीस ना. माझ्या सासूबाईंच्या हातात ती होती. मी हसायचे थांबले. आणि प्रत्येक जाहिरातीखाली पत्र होतेच. कोणी कर्नल, कोणी पाद्री, कोणी दूर गावचा कारकून. सगळ्यांना डॉक्टरांनी हात टेकलेले, आणि सगळे तिसऱ्या बाटलीला खडखडीत बरे. कर्नलच्या पत्रावर नख आपटून बाई म्हणाल्या, "हा तुझा सातारचा मास्तर."

पेटंट औषध हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्याचा खरा अर्थ मला बाईंनी सांगितला. पेटंट घ्यायचे तर आत काय आहे ते सरकारला लिहून द्यावे लागते. ते कोण देणार? मग नाव आणि बाटलीचा आकार तेवढा आपल्या मालकीचा करून घ्यायचा आणि आतले गुपित ठेवायचे. विलायतेत या औषधांवर कर होता, आणि कर भरल्याची सरकारी चिठ्ठी बाटलीवर चिकटवलेली असे. लोकांना वाटे की सरकारने औषध तपासून पसंत केले. विकणारेही तसेच भासवत. हे सांगताना बाईंचा आवाज चढला. सरकारला कर मिळाला, छापणाऱ्याला जाहिरात मिळाली, दुकानदाराला गिऱ्हाईक मिळाले, असे त्या बोटांवर मोजत म्हणाल्या. मग पाठीमागे अक्षर नसलेली एक चपटी बाटली माझ्या हातात दिली.

लहान मुलांना दात येताना द्यायच्या गोड औषधाची ती बाटली. अशा औषधांत अफूचा अर्क असे. तसे कोणी लिहीत नसे. जाहिरातीत आई आणि मांडीवर शांत निजलेले बाळ एवढेच. बाईंची पणजी फुले विकायला मुंबईला जायची. भात कापणीच्या दिवसांत तिचे पहिले मूल रात्रंदिवस रडत होते. मुंबईच्या एका दुकानातून तिने तसली बाटली आणली. तिला अक्षर येत नव्हते, तिने चित्र पाहिले. एक चमचा दिला, मूल झोपले. ती कापणीला गेली. तीन दिवस असे चालले. चौथ्या दिवशी मूल उठले नाही. पणजी म्हातारी होऊन मेली तोवर म्हणायची की बाळाला दृष्ट लागली. घरातही तीच गोष्ट सांगितली जाई. बाई फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला असताना वर्गात या औषधांचा विषय निघाला आणि त्यांना एकदम कळले. "ही तीच बाटली असं मी म्हनत नाय," बाई म्हणाल्या. "पन अशीच. आनि तिला वाचता येत असतं तरी काय वाचलं असतं? मागं काचच होती."

मी बदलले, असे मला सांगता आले असते तर बरे झाले असते. मी अर्धीच बदलले. नवी खोटी पत्रे लिहायचे मी बंद केले आणि मालकांशी त्यावरून वाद घातला. पण जुने पत्रक कॉम्प्युटरमध्ये होते. एजंट पुन्हा आला, पुन्हा छापून घेऊन गेला. त्याला माझी गरजच नव्हती. एकदा लिहिलेले खोटे आपोआप छापले जाते. मी शेजारच्या टेबलावर पत्रिका जुळवत बसले होते आणि मशीनमधून मास्तर हसत बाहेर पडत होते. रविवारी मात्र मी बाईंकडे जाई. त्यांच्या फायली कॉम्प्युटरवर चढवून देई. एवढ्यावर माझे मन समाधानी होते, याची मला आज सर्वांत जास्त लाज वाटते.

बाबूदादांना साखर होती. बरीच वर्षे होती, आणि इंजेक्शन चालू होते. स्वभावाने बहिणीच्या अगदी उलट. मी गेले की वाडीतली केळी काढून ठेवत, गुहागरच्या समुद्राविषयी विचारत. त्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांच्या पायात वाडीतच काहीतरी रुतले. त्यांनी हळद लावली आणि कोणाला सांगितले नाही. वास यायला लागला तेव्हा वहिनींनी बाईंना सांगितले. बाईंनी तपासायला लावली तेव्हा साखर इतकी निघाली की त्यांना प्रयोगशाळेची चूक वाटली. पुन्हा तपासली. तेवढीच. इंजेक्शन घेतोस ना, असे खोदून विचारल्यावर दादांनी कबूल केले. चार महिने त्यांनी इंजेक्शन घेतलेच नव्हते. बहिणीला संशय येऊ नये म्हणून सुई तेवढी रोज कचऱ्यात टाकत होते.

पावडरीचा डबा तांदळाच्या पिंपात, तांदळाखाली सापडला. वहिनींना ठाऊक होते. त्याही गप्प राहिल्या होत्या. बाईंनी डबा नेहमीसारखा उलटा केला. पुढे मोठ्या मराठी अक्षरांत साखर नाहीशी होण्याचे वचन होते. मागे, मुंगीएवढ्या इंग्रजीत, हे औषध नाही, हा खाण्याचा पदार्थ आहे आणि याने कोणताही रोग बरा होतो असा आमचा दावा नाही, असे छापलेले होते. म्हणजे ज्यांना विकायचे त्यांच्या भाषेत आश्वासन, आणि ज्याच्यापुढे उभे राहावे लागेल त्या कोर्टाच्या भाषेत कानावर हात. पणजीच्या बाटलीची पाठ कोरी होती. आता कायद्याने लिहावे लागते, म्हणून लिहितात; कोणी वाचणार नाही असे लिहितात.

डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दुसऱ्या दिवशी मी जेवणाचा डबा घेऊन इस्पितळात गेले. बाई कॉटच्या पायथ्याशी उभ्या होत्या, बसत नव्हत्या. दादा ग्लानीत होते, पण बोलत होते. बहिणीला समजावत होते. त्यांनी पत्रक नीट वाचले होते, कोणा ऐऱ्यागैऱ्याच्या सांगण्यावरून घेतले नव्हते. "सातारचे मास्तर होते ताई," ते म्हणाले. "मास्तर मानूस खोटं कशाला लिहील?"

मी डबा तिथेच ठेवला आणि बाहेर येऊन बाकावर बसले. थोड्या वेळाने बाई आल्या. मास्तर मी केले, असे मी त्यांना सांगितले. म्हणजे त्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होते. पण सातारा का, मास्तर का, हे मी तेव्हा सांगितले. मला रडू आवरत नव्हते. 

"रडू नको," त्या म्हणाल्या. "रडून तू मोकळी होशील, आनि ते छापत राहतील. लिहून दे."

मी लिहून दिले. पत्र खोटे आहे, माणूस खोटा आहे, हे मी या हाताने केले आहे, असे सहीनिशी. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणे आपल्याकडे फार वर्षांपासून गुन्हा आहे. कलम बाईंना पाठ होते. आम्ही डबा, पत्रक, माझा जबाब आणि दादांचे कागद घेऊन संबंधित कार्यालयात गेलो. माणसे सभ्य होती. कागद घेतले, आमच्या प्रतीवर शिक्का दिला. सात महिन्यांनी उत्तर आले की सदर नावाचे उत्पादन बाजारात आढळून आले नाही. ते खरेच होते. तोवर पावडरीचे नाव बदलले होते आणि पिवळा डबा हिरवा झाला होता. नव्या पत्रकावर चेहरा तोच, हसणे तेच. मास्तर आता नाशिकचे निवृत्त पोलीस झाले होते. म्हणून म्हटले, नाव लिहून उपयोग नाही.

ते उत्तर वाचून मी संतापले. बाई मात्र घरात दादांच्या कॉटजवळ जाऊन बसल्या आणि त्यांच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलल्या. मग मला हाक मारून म्हणाल्या की याचा फोटो काढ. दादांनी सदरा बदलला, केस विंचरले आणि दोन्ही कुबड्या शेजारी ठेवून ओटीवर बसले. माझ्या आयुष्यातले एकमेव खरे पत्रक मी त्या दिवशी केले. मजकूर दादांनी सांगितला: हा फोटो माझाच आहे. मी उमेळ्यात राहतो. ही पावडर मी चार महिने घेतली, इंजेक्शन बंद केले, माझा पाय गेला. ज्यांना खात्री करायची त्यांनी घरी यावे. खाली हिरव्या आणि पिवळ्या अशा दोन्ही डब्यांची चित्रे.

आमच्या मालकांनी छापायला नकार दिला. एजंट त्यांचे गिऱ्हाईक होते. मी नोकरी सोडली आणि दुसरीकडे छापून घेतले. बाई, वहिनी आणि मी ती पत्रके माणिकपूरच्या बाजारात, रिक्षास्टँडवर, रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या फाटकाबाहेर, देवळापाशी वाटली. कळंबच्या किनाऱ्यावर मासळीच्या वाळवणांपाशी जाऊन वाटली. आठव्या दिवशी बाईंच्या नावाने कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. तक्रारीला सात महिने, आणि नोटिशीला आठ दिवस. कंपनीच्या नावलौकिकाला धक्का बसला म्हणे. कापलेल्या पायाला धक्का बसत नाही, त्याला वकील नसतो. बाईंनी उलट टपाली कळवले की कोर्टात या, मी भाऊ घेऊन येते, तुम्ही डबा घेऊन या. कोणी आले नाही.

लोक सगळे आमच्या बाजूने होते असे समजू नका. एका सुशिक्षित गृहस्थाने, मुंबईला मोठ्या हुद्द्यावर असलेल्या, ओटीवर बसून चहा पीत दादांना सांगितले की तुम्ही पथ्य पाळले नसेल. एकाने विचारले की या बदनामीमागे दुसरी कोणती कंपनी आहे. या माणसांचे कप वहिनी शेवटचा घोट संपायच्या आतच उचलून नेत. पण कळंबची एक कोळीण नवऱ्याचा डबा पदराखाली घेऊन आली. दादांनी तिच्या नवऱ्याला बोलावून घेतले, शेजारी बसवले आणि धोतर बाजूला केले. त्याने इंजेक्शन पुन्हा सुरू केले. अशी आणखी काही माणसे आली. किती ते बाईंनी कधी मोजले नाही, मीही मोजत नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या लक्षात आली. बाईंचे ओरडणे बंद झाले होते. डबा तांदळात लपवला गेला तो कोणाच्या भीतीने, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. एकदा मला म्हणाल्या, "सगळ्या गावाला मी वाचून दाखवलं. पन माझ्या घरात मला दाखवायची हिंमत नव्हती कोनाची. तो एजंट गोड बोलला, मी कडू बोलले. मानूस कोनाकडे जाईल?" मी म्हटले की यात तुमचा दोष नाही, दोष त्यांचा आहे, आणि माझा. त्यांनी मान हलवली. पटून नव्हे, विषय संपवायला. त्यानंतर कोणी काहीही दाखवायला आले की त्या आधी त्याला बसवत, पाणी देत, कधीपासून दुखते ते विचारत. लोक घरांत लपवलेले काय काय घेऊन येऊ लागले. तेले, भुकट्या, सांधेदुखीच्या काळ्या गोळ्या. त्या गोळ्यांत बऱ्याचदा गुपचूप स्टेरॉईड मिसळलेले असते, असे त्या हळू समजावून सांगत. चांगलाच बदल म्हणायचा. पण तो ताठ आवाज गेला, आणि त्या आवाजाची जागा भरून काढील असे काही मला उमेळ्यात आजवर ऐकू आलेले नाही.

मागच्या वर्षी, आंब्याला मोहोर असताना, बाई गेल्या. सकाळी वाडीत पाणी सोडायला गेल्या, केळीच्या बुंध्याशी बसल्या, त्या बसल्याच. बाटल्या आणि फायली त्यांनी माझ्या नावाने लिहून ठेवल्या होत्या. मी आता घरातच डिझाईनचे काम करते आणि औषधाची जाहिरात घेत नाही. याने कोणाचे काही अडलेले नाही. घेणारे शंभर आहेत. आता तर पत्रकही लागत नाही, मोबाईलवर व्हिडिओ येतो आणि त्यात माणूस हलतो, बोलतो, रडतोसुद्धा. दीडशे वर्षे झाली. काच गेली, प्लास्टिक आले. कर्नल गेला, मास्तर आला. धंदा एका दिवसासाठीही बंद पडलेला नाही, आणि आजवर त्यात कोणाला शिक्षा झालेली मी पाहिलेली नाही. पाय मात्र गेलेला पाहिला.

बाईंच्या बाराव्याला मी उमेळ्याला गेले. पंगत उठली होती, पाहुणे पांगले होते. बाबूदादा ओटीवर एकटेच बसले होते. मी शेजारी बसले. मला वाटले होते की ते पावडरीविषयी बोलतील, किंवा मास्तरांविषयी. मी त्यांना ते सगळे कधीच सांगून टाकले होते आणि त्यांनी मला एका शब्दाने दुखवले नव्हते. त्या दिवशी ते निराळेच बोलले.

"पाय गेला त्याचं काय, सवय झाली," ते म्हणाले. "पन ताई मला नंतर एकदा पन ओरडली नाय. जेवलास का, इंजेक्शन घेतलंस का, एवढंच विचारायची, हळू आवाजात. लहानपनापासून ओरडत आलेली. मला कसंतरीच व्हायचं. मागं गनपतीत मी मुद्दाम तिच्यासमोर बसून जिलबी खाल्ली. एक खाल्ली, तिच्याकडं बघत दुसरी खाल्ली."

"मग?" मी विचारले.

"काय नाय बोलली. उठून आत गेली."

ते वाडीकडे बघत राहिले.  आतून वहिनी इंजेक्शन घेऊन आल्या, तेव्हा दादांनी मुकाट्याने सदरा वर केला.